अनुभव धागा: जॉन स्ट्युअर्टचा शेवटचा 'डेली शो' कसा रचला होता?

६ ऑगस्ट २०१५, गुरुवार. जानेवारी १९९९ पासून सांभाळलेलं 'द डेली शो' या अमेरिकेतल्या बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाचं टेबल स्ट्युअर्टने सोडलं. रडू आलं वगैरे सगळ्यांचंच झालं, ते राहू द्या. तो निरोप जमला कसा आणि कुठे फसला असता, तेवढं लिहा.

संहितावाला
आधी रोजचं वेळापत्रक. सकाळी नवाच्या सुमारास बैठक, दुपारी तीनपर्यंत संहिता, सव्वाचारला तालीम, मग खाडाखोड, सहाला चित्रीकरण आणि रात्री अकराला प्रसारण. म्हणजे सहानंतर घडलेलं त्या रात्रीच्या भागात येणं शक्य नाही. आणि नेमका त्याच रात्री नऊला क्लीव्हलंडमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांचा पहिला मोठा वादविवाद, ट्रम्पसकट दहा जण! इतकी वर्षं ज्या मालावर दुकान चाललं तो शेवटच्या दिवशी तीन तास उशिरा आला. त्यांनी अडचणीलाच कामाला लावलं. वादाच्या वार्तांकनाचं निमित्त काढून कार्यक्रमातले जुने-नवे विनोदी वार्ताहर एकेक करून पडद्यावर आणले.

कात्रणवही
या मिरवणुकीत धोका होता. इतकी माणसं आली की हजेरीपट होतो, टाळ्याच वेळ खातात. म्हणून प्रत्येकाला जेमतेम एखाद-दोन वाक्यं. स्टीव्ह कॅरेल, सामंथा बी, आपल्या मुंबईत जन्मलेला आसिफ मांडवी, कुणालाच जास्त नाही. स्ट्युअर्टच्या आधीचा सूत्रसंचालक क्रेग किलबोर्नसुद्धा येऊन टोमणा मारून गेला. मला सर्वांत हुशार वाटलं ते वेगळंच: ज्यांची त्याने वर्षानुवर्षं खेचली त्या सिनेटर मॅकेन, हिलरी क्लिंटन, फॉक्स न्यूजचा बिल ओ'रायली यांच्याकडून कौतुक नाही, शिव्याच घेतल्या. त्यांनी गोडगोड बोलायला सुरुवात केली असती तर भाग तिथेच आटोपला असता.

प्रॉम्प्टर
स्टीव्हन कोल्बेर, याच कार्यक्रमातून पुढे आलेला जुना वार्ताहर. आभार मानू नकोस असं स्ट्युअर्टने बजावलेलं, आणि पुढचं बोलणं प्रॉम्प्टरवर नव्हतं. स्ट्युअर्ट खुर्ची सरकवून पळायला बघतोय आणि हा सोडत नाही. मुद्दा साधा: काम स्पष्टपणे कसं करावं, सोबतच्यांना मानाने कसं वागवावं, हे आम्ही तुझ्याकडे बघून शिकलो. हे टिकलं, कारण आधीची वीसेक मिनिटं निव्वळ चेष्टा होती. पहिल्याच मिनिटाला ठेवलं असतं तर भाषण वाटलं असतं.

भूलथाप
मला तिसरा तुकडा महत्त्वाचा वाटतो. कॅमेऱ्यात बघून त्याने थापांचे तीन प्रकार सांगितले. वाईटाला गोंडस नाव देणं, जसा 'पेट्रियट अॅक्ट', म्हणजे नाव देशभक्तीचं आणि कायदा लोकांवर पाळत ठेवण्याचा. वाईट गोष्ट बारीक अक्षरांच्या ढिगाखाली पुरणं. आणि 'अजून सगळी माहिती हाती आलेली नाही' म्हणत काहीच न करणं. तिसरा प्रकार आपल्याकडे चौकशी समिती नेमून साधतात. शेवट न्यूयॉर्कच्या मेट्रोतल्या सूचनेवर बेतलेला: तिथे 'काही दिसलं तर सांगा', इथे 'वास आला तर सांगा'. ती पाटी माहीत नसेल तर अर्धा विनोद जातो, भाषांतरात तर जातोच.

खुर्चीमागचा
ऑफिसमधून फिरणारा तो लांबलचक शॉट विसरू नका. पडद्यावर कधी न दिसलेले लोक त्यात आहेत. एवढं सगळं नेहमीच्या अर्ध्या तासात मावणं शक्यच नव्हतं, भाग तासाभराच्या आसपास गेला. शेवटी रोजच्या 'झेन क्षणा'च्या, म्हणजे भाग संपवणाऱ्या छोट्या चित्रफितीच्या, जागी न्यू जर्सीचा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन, पूर्ण वाद्यवृंदासह. स्ट्युअर्टही तिथेच वाढलेला, त्यामुळे दुसरं कोण असणार!

सोमवार
तांत्रिक पुरवणी. जायचं जाहीर केलं १० फेब्रुवारीला, ट्रेव्हर नोआचं नाव ३० मार्चला, नोआ बसला २८ सप्टेंबरला. वारस आधीच ठरल्यामुळे शेवटच्या भागात 'पुढे कोण' यावर एक मिनिटही घालवावं लागलं नाही. आणि हो, फेब्रुवारी २०२४ पासून दर सोमवारी स्वारी परत त्याच टेबलावर आहे. तेव्हा वरच्या सगळ्या रडारडीतून थोडी सूट कापून घ्या.