पक्ष्यांच्या नोंदी: मेलिंग लिस्ट की फोरम?

हिप्परगेकर:
सोलापुरातल्या आम्हा पक्षी बघणाऱ्यांचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं आणि तिथंच वाहून जातं. हिप्परगा तलावावर पट्टकादंब गेल्या थंडीत कधी उतरले हे शोधायचं तर ढीगभर 'सुप्रभात' ओलांडावे लागतात. मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर मेल टाकली की सगळ्या सभासदांना जाते) काढू की फोरम (चर्चेची वेबसाइट)? गटात निवृत्त गुरुजी आहेत, नवीन पासवर्ड म्हटलं की ते गप्पच होतात.

जुना_टपाली:
गुरुजी मेल बघतात ना? मग लिस्टच काढा की ओ. फोरमवर माणसाला आपणहून जावं लागतं. सुरुवातीला सगळे जातात, नंतर तुम्ही एकटेच. शिवाय लिस्टवरचं प्रत्येकाच्या मेलमध्ये उरतं. याहू ग्रुप्स या याहूच्या लिस्ट-सेवेनं 2019 च्या डिसेंबरात जुने संदेश उडवले, पुढच्या डिसेंबरात सेवाच बंद केली. ज्यांनी मेल जपल्या होत्या त्यांच्याकडे चर्चा राहिली.

स्वतःच्या सर्व्हरवर मेलमन (लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअर) बसवायच्या फंदात मात्र पडू नका. 2014 च्या एप्रिलात याहूनं डीमार्कचा, म्हणजे मेल बनावट तर नाही हे तपासायचा, नियम कडक केला आणि जगभरच्या लिस्टा अडखळल्या. मेलवर पत्ता सभासदाचा, पाठवणारा सर्व्हर लिस्टचा. समोरचा सर्व्हर म्हणतो, ही बनावट, आणि परत पाठवतो. त्यावर उपाय निघाले, पण ते निस्तरणार कोण? त्यापेक्षा गूगल ग्रुप्स बरं, तिथं लिस्टचा सर्व्हर गूगलच सांभाळतं.

चिंकारा:
आणि फोटो? जीमेलची मर्यादा 25 एमबी. टिटवीसारखा दिसणारा कुठला तरी पाणपक्षी ओळखायचा तर फोटो आणि त्याखालचा वाद एकत्रच दिसायला हवा. डिस्कोर्स हे फोरमचं सॉफ्टवेअर बसवा, त्यात मेलनं उत्तर देता येतं. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणारे लिस्ट सोडून तिकडेच गेले.

जुना_टपाली:
लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा (कर्नल) लिहिणारे अजून लिस्टवरच आहेत. डिस्कोर्स चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण सर्व्हरचं भाडं दर महिन्याला लागतं. दुसरं, नान्नजच्या माळावर उद्या माळढोकाची मादी दिसली तर? ती उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. ती जागा उघड्या फोरमवर टाकली की गूगलवर सापडणार, आणि रविवारी कॅमेरेवाल्यांच्या गाड्या हजर. लिस्ट फक्त सभासदांना दिसेल अशी ठेवा. तरीही नेमकी जागा लिहू नकाच, मेल पुढं ढकलायला एक बोट पुरतं.

चिंकारा:
हे पटलं. फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवून मेलमध्ये दुवा द्या मग.

हिप्परगेकर:
ठरलं, लिस्ट. आता पत्ते गोळा करतो. एका गुरुजींची मेल नातवाच्या फोनवर उघडते आणि नातू पुण्यात असतो, त्यांचं काय करावं?