तळघरातली खोली बेडरूम म्हणून धरायची का?

पाथर्डीफाटा:
नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ एक रो-बंगला रीसेलला आहे. जाहिरातीत '३ बीएचके', पण तिसरी बेडरूम तळघरात. एसी, फॉल्स सीलिंग, अटॅच्ड बाथरूम सगळं केलंय. कायद्याने ही बेडरूम ठरते का?

नकाशावाला:
पलंग टाकला म्हणून बेडरूम होत नाही. मंजूर नकाशात त्या खोलीवर काय लिहिलंय ते बघा. बहुतेक 'स्टोअर' किंवा 'पार्किंग' निघेल. २०२० च्या यूडीसीपीआरनुसार (महाराष्ट्राची एकत्रित बांधकाम नियमावली) तळघर पार्किंग, सामान, यंत्रसामग्री असल्या कामांसाठी. म्हणूनच तर ते एफएसआयमधून (प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्याच्या हिशोबातून) सुटतं. तिथे राहणं म्हणजे बिनपरवाना वापरबदल. एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम-वापराबद्दलची नोटीस निघाली, तर ती मालकाला, म्हणजे खरेदीनंतर तुम्हाला. नकाशा आणि भोगवटा दाखला (बांधकाम वापरायला मनपाने दिलेली परवानगी) विक्रेत्याकडे मागा. टाळाटाळ केली तर मनपाच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आणि नकाशा हातात धरूनच खाली उतरा.

टेपवाला:
राहत्या खोलीला उंची २.७५ मी. लागते, तळघराला २.४ चालते. एसी खोलीलाही २.४ ची सवलत आहे, म्हणून विक्रेते एसीकडे बोट दाखवतात. उंची जमली तरी वापर बदलत नाही!
उजेडाचा हिशोबही करा. तळघराचं छत जमिनीच्या वर फार तर १.२ मी. त्यातून ४५ सेंमी बीम गेला, पावसाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून खाली २० सेंमी सोडले, की खिडकीला उरले ५५ सेंमी. १० चौ. मी. खोलीला दहावा हिस्सा खिडकी धरली, तरी रुंदी १.८ मी. हवी. तिथे बहुधा दोन फुटी व्हेंटिलेटर असतो.
नेटवर '५.७ चौ. फूट मोकळी खिडकी, ४४ इंचांपर्यंत कट्टा' असं सापडेल. तो अमेरिकेतला नियम, इथे लागू नाही.

ओलावा:
बाथरूमची नहाणी (पाणी जायची जाळी) बाहेरच्या ड्रेनेज चेंबरच्या वर आहे की खाली, हे आधी बघा. खाली असेल तर पंप लागतो. नाहीतर चेंबर तुंबलं की पाणी उलटं खोलीत. भिंतीला नवं पॅनेलिंग असेल तर एक पट्टी काढून मागे पाहा. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, आणि बाहेरून शहाबादीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग (तळघराभोवती फरशांचं आवरण) नसेल तर आतला वॉटरप्रूफ कोट त्या पाण्याच्या दाबाने फुगून सुटतो. भाव २ बीएचके आणि स्टोअरचाच लावा.