एल्डोराची मातीवरची ट्रक रेस: इतिहास, सेटअप आणि मातीचं गणित

भोसरीचा_अभि
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या मोटरस्पोर्ट क्लबात नास्कारच्या (अमेरिकेतली कार शर्यती भरवणारी संस्था) ट्रक मालिकेवर बोलायचंय. डेटोनाबद्दल ढीगभर माहिती मिळते, पण मला ओहायोतल्या एल्डोरा स्पीडवेवर दरवर्षी व्हायची ती मातीवरची रेस हवी आहे. ती सुरू कशी झाली, कोण कोण जिंकलं, आणि डांबरावरचा ट्रक मातीवर नेताना नेमकं काय बदलायचे? चालू रेसमध्ये पिट स्टॉप नसायचे म्हणतात, मग टायर कधी बदलायचे?
आणखी एक. वाघोलीच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर बग्गीसाठी २०० मीटरचा ओव्हल करायचा विचार आहे. जमीन मुरमाड आहे. चालेल का?

लॅपचार्ट_कोथरूड
अभि, सुरुवात १९९३ पासून कर. पिकअप ट्रकची मालिका काढायची कल्पना वाळवंटात ऑफ-रोड शर्यती करणाऱ्या मंडळींची होती. पण ५ फेब्रुवारी १९९५ ला फिनिक्सला पहिली अधिकृत रेस झाली ती डांबरावर. माइक स्किनर जिंकला, आणि त्या वर्षीचा चॅम्पियनही तोच. माती पाहायला ट्रकना २०१३ उजाडलं.

एल्डोरा हा अर्ध्या मैलाचा, म्हणजे साधारण ८०० मीटरचा ट्रॅक. अर्ल बाल्ट्सने १९५४ मध्ये सुरू केला, २००४ मध्ये टोनी स्ट्युअर्टने विकत घेतला. २४ जुलै २०१३ च्या बुधवारी रात्री तिथे पहिली 'मडसमर क्लासिक' झाली. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची सकाळ. त्याआधी नास्कारच्या राष्ट्रीय मालिकेची मातीवरची शेवटची रेस १९७० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात झाली होती आणि रिचर्ड पेटीने जिंकली होती. मधे ४३ वर्षं गेली, आणि पेटीच्या गाडीचा नंबरही ४३च!

विजेते: २०१३ ऑस्टिन डिलन, २०१४ बबा वॉलेस, २०१५ क्रिस्टोफर बेल, २०१६ काइल लार्सन, २०१७ मॅट क्राफ्टन, २०१८ चेस ब्रिस्को, २०१९ स्टुअर्ट फ्रीसन. यातल्या दोन गोष्टी भाषणात घेच. २०१३ च्या 'लास्ट चान्स' रेसमध्ये ६१ वर्षांचा नॉर्म बेनिंग स्वतःच्या छोट्या टीमचा ट्रक घेऊन मुख्य रेसच्या शेवटच्या जागेसाठी झगडत होता. मागून क्ले ग्रीनफिल्ड धक्क्यावर धक्के देत होता, तरी बेनिंगने जागा सोडली नाही. माझ्या मते त्या रात्रीचा खरा क्षण हाच, डिलनच्या विजयापेक्षाही मोठा. दुसरी गोष्ट २०१८ ची: ब्रिस्को आणि ग्रँट एन्फिंगर एकाच टीमचे, शेवटच्या वळणातून शेजारी-शेजारी बाहेर पडले आणि फरक राहिला ०.०३८ सेकंदाचा.

२०२० ची रेस कोविडमुळे रद्द झाली. २०२१ ला मातीची तारीख आयोवातल्या नॉक्सव्हिलला गेली. तिथे ऑस्टिन हिल आणि २०२२ ला टॉड गिलिलंड जिंकला. ब्रिस्टलच्या काँक्रीटवर माती पसरून २०२१ ते २०२३ ट्रक धावले. २०२४ च्या कॅलेंडरात माती उरलीच नाही.

स्टॅगर_चाकण
आधी पिटचं सांगतो. पहिल्या वर्षी १५० फेऱ्या ६०, ५० आणि ४० अशा तीन भागांत होत्या. टायर, इंधन, सेटिंग सगळं मधल्या विश्रांतीत, जागा न गमावता. यात नवीन काही नव्हतं. १९९५ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हाही रेसच्या मध्यावर अशीच सुट्टी असायची, कारण बऱ्याच छोट्या ट्रॅकवर धड पिट लेन नव्हती आणि पिट क्रूचा खर्चही वाचायचा.

आता ट्रक. दीड टनाच्या आसपास वजन, ३५८ क्युबिक इंचाचं म्हणजे जवळपास ५.९ लिटरचं व्ही-८ इंजिन. मातीसाठी पुढचा स्प्लिटर (बंपरखालची सपाट पट्टी) काढतात, नाहीतर तो जमिनीत रुततो. रेडिएटरपुढे जाळी लागते. चिखलाने तोंड बंद झालं की काही फेऱ्यांत पाण्याचं तापमान चढतं. रिमच्या आतल्या बाजूला चिखल साचला तर चाकाचा बॅलन्स जाऊन स्टीअरिंग थरथरतं, ड्रायव्हरला वाटतं टायर गेला. विश्रांतीत पहिल्यांदा रिम खरवडून साफ करायचे.

टायर बायस-प्लाय (आतले धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे), आणि खरी मेख स्टॅगरमध्ये, म्हणजे मागच्या दोन टायरच्या घेरांतल्या फरकात. मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, म्हणून उजवं मागचं (बाहेरचं) चाक डाव्यापेक्षा मोठं ठेवतात. हिशोब असा: बाहेरच्या चाकाच्या वळणाची त्रिज्या = दोन चाकांतलं अंतर × मोठ्या टायरचा घेर ÷ घेरांतला फरक. अंतर ६० इंच, घेर ८८ इंच, फरक २ इंच धरला तर २,६४० इंच, म्हणजे २२० फूट. तेवढ्या त्रिज्येच्या वळणात चाकं न घासता फिरतात. फरक कमी पडला तर नाक भिंतीकडे जातं, जास्त झाला तर सरळ भागातही ट्रक डावीकडे ओढत राहतो. घेर मोजताना रेसच्या प्रेशरलाच मोज, ट्रेडच्या बरोबर मध्यावरून स्टीलची टेप फिरवून. बायस-प्लाय टायर हवेसोबत फुगतो, थंड आणि कमी हवेत घेतलेलं माप कामाचं नाही.

माती_हडपसर
मुरमाचं उत्तर: पाया म्हणून उत्तम, वरचा थर म्हणून नको. मुरूम बांधून राहत नाही, चाकाखालून खडे सुटतात आणि मागच्याच्या हेल्मेटवर बसतात. नुसती काळी मातीही नको, ओली असताना चाकाला चिकटते आणि वाळली की भेगाळते. मुरमावर १५ सेंमी तांबडी चिकणमाती टाक, थोडा पोयटा मिसळून.

आदल्या संध्याकाळी वरचे ५-७ सेंमी भुसभुशीत कर. पाणी एकदम ओतू नकोस, हलक्या हाताने चार-पाच फेऱ्यांत दे, कुठे डबकं दिसता कामा नये. २०० मीटर लांब, ८ मीटर रुंद म्हणजे १,६०० चौरस मीटर; १०,००० लिटरचा एक टँकर चौरस मीटरला सव्वासहा लिटर देतो. एप्रिल-मेमध्ये एवढं पुरणार नाही, दुसऱ्या टँकरची सोय ठेव. सकाळी मूठभर माती दाबून बघ: गोळा टिकला आणि तळहात ओला झाला नाही, तर रोलर फिरवायला हरकत नाही. मग जड गाडी हळू चालवून ट्रॅक दाबून घे.

रेस सुरू झाली की मधली रेषा काळी, चकचकीत, निसरडी होते आणि सुटी माती बाहेरच्या कडेला बांधासारखी साचते. पकड त्या बांधावर असते. एल्डोरात हा बांध थेट भिंतीला लागून असतो, म्हणून जिंकायचं तर भिंतीला खेटूनच जावं लागतं. २०१४ ला लार्सन वॉलेसचा पाठलाग करताना त्याच पट्ट्यात भिंतीला आपटत राहिला आणि ट्रकची उजवी बाजू चेपली.

भोसरीचा_अभि
ताई, दादा, खूप आभार. बग्गीला मागे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, सरळ अ‍ॅक्सल आहे. चाकांतलं अंतर १२० सेंमी, टायरचा घेर १७० सेंमी, वळणाची त्रिज्या २० मीटर. स्टॅगर किती ठेवू?

स्टॅगर_चाकण
१२० × १७० ÷ २,००० = १०.२ सेंमी. कागदावर बरोबर, पण एवढा ठेवलास तर सरळ भागात बग्गी सांभाळता येणार नाही. ४ सेंमीने सुरुवात कर. उरलेलं वळण मागची चाकं घसरवून घ्यायचं, मातीवर ते चालतं. नाक बाहेर जातंय असं वाटलं तर आधी डाव्या मागच्या टायरची हवा थोडी कमी करून घेर पुन्हा मोज, टायर बदलायची घाई नको.