कांद्याचे डोंगळे फुलले आहेत, फुलकिडेही आले आहेत: फवारणी करावी का?

प्रश्न (सिन्नरचा शेतकरी):
यंदा मी एक एकरावर कांद्याचे बीजोत्पादन घेतले आहे. डोंगळ्यांवरचे (फुलांच्या दांड्यांवरचे) गोंडे उमलू लागले असून त्यांवर फुलकिडे (रस शोषणाऱ्या बारीक किडी) दिसत आहेत. गेल्या वर्षी याच सुमारास इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फवारले, त्यानंतर आग्या माश्या बरेच दिवस फिरकल्या नाहीत आणि बीही कमी भरले. शेजारी म्हणतात की दिवस मावळल्यावर फवारले म्हणजे माश्यांना धोका नाही. हे खरे आहे काय?

उत्तर १:
बी कमी भरण्याला इतरही कारणे असू शकतात, पण आपली शंका रास्त आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी बाहेर पडतात आणि कुक्षी (पराग झेलणारे टोक) नंतर परिपक्व होते. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेणारे कोणीतरी लागतेच, आणि आपल्याकडे ते काम आग्या, सातेरी, फुलोरी माश्या व अनेक एकाकी (पोळे न करता एकट्या राहणाऱ्या) माश्या करतात. संध्याकाळची फवारणी स्पर्शजन्य (अंगाला लागून मारणाऱ्या) औषधांपुरती थोडी उपयोगी पडते. इमिडाक्लोप्रिड मात्र आंतरप्रवाही आहे, ते झाडात शिरून मकरंदात आणि परागात उतरते, मग फवारणीची वेळ कोणतीही असो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम या कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तो मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच. शिवाय आग्या माश्या चांदण्या रात्रीही चरायला निघतात, हे शेजाऱ्यांना जरूर सांगावे.

उत्तर २:
फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधीच उरकावा, तेव्हा पाच टक्के निंबोळी अर्क चालतो. तो पूर्ण निर्धोक आहे असे मात्र समजू नये, कारण फुलपाखरांच्या अळ्यांचीही वाढ त्याने खुंटते. फुलोऱ्यात निळे चिकट सापळे लावू नयेत, त्यांवर मधमाश्याही चिकटतात.

एक गोष्ट राहून जाते ती बांधाची. तणनाशक मारून बांध स्वच्छ केला की रुई जाते, आणि रुईवर वाढणारी बिबळ्या कडवा फुलपाखराची अळीही जाते. अनेक एकाकी माश्या बांधाच्या न नांगरलेल्या मातीत बिळे करतात, त्यांना पेटीत घालून विकत आणता येत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. निम्मे गोंडे उमलले असल्याने यंदा औषध थांबवतो. पूर्वेकडचा बांध मात्र गेल्या महिन्यातच जाळून झाला, पश्चिमेकडचा तेवढा राखतो.