डीमार्क ‘नन’वर असेल तर?

काही जण म्हणतात की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच त्याच डोमेनवरून, म्हणजे @ नंतरच्या नावावरून, आलाय का हे तपासणाऱ्या व्यवस्था) लावलं की खोट्या मेलची कटकट मिटते. अर्धंच खरं आहे. डीमार्कची पॉलिसी (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ती सूचना) ‘नन’वर, म्हणजे ‘काहीच करू नका’वर, असेल तर नुसते रिपोर्ट येतात, अडत काहीच नाही. जीमेलवर दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४पासून डीमार्क सक्तीचं केलं, पण त्यातही ‘नन’ चालतं! पॉलिसी ‘रिजेक्ट’पर्यंत, म्हणजे नापास मेल नाकारण्यापर्यंत, न्या.

तेही संरक्षण तुमच्याच डोमेनपुरतं. आमच्या अकाउंट्सला पुरवठादाराचा मेल आला, ‘बँक खातं बदललंय’. डोमेनमध्ये ‘एम’च्या (m) जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून (rn), दिसायला सारखंच. डोमेन चोराच्याच मालकीचं, त्यामुळे सगळ्या तपासण्या पास. मेलमधला नंबर सोडून जुन्या फाइलीतल्या नंबरवर फोन केला, म्हणून वाचलो.