विषय : संथ रहदारीत इंजिन तापते, वेगात निवते

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझी पेट्रोलवर चालणारी गाडी अकरा वर्षांची आहे. गेले तीन आठवडे गाड्यांच्या रांगेत अडकले की दहाएक मिनिटांत तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून सरकत लाल पट्ट्याला टेकतो आणि मोकळा रस्ता लागून गाडीने वेग घेतला की आपोआप खाली येतो. त्यापूर्वी पुढून किरकोळ धक्का बसल्याने बंपरचे काम करून घेतले होते, एवढेच अलीकडचे काम. गॅरेजात थर्मोस्टॅट (कुलंटला रेडिएटरकडे जाण्याची वाट उघडणारी झडप) बदलून झाला, कुलंटही (इंजिन थंड ठेवणारे पाणी) नवे भरले. फरक काहीच नाही. आता रेडिएटर बदलावा लागेल असे सांगितले जात आहे. गाडीत लहान मुले असतात, त्यामुळे मध्येच कुठे थांबावे लागेल याची धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र,
एक सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

रेडिएटर बदलण्याची घाई करू नका. दोष कोठे शोधायचा हे तुमच्या वर्णनातच आले आहे. इंजिनातील उष्णता कुलंट रेडिएटरपर्यंत आणून सोडते, पण ती तेथून काढून नेण्याचे काम हवेचे असते. गाडी वेगात असताना ही हवा समोरून फुकट मिळते. गाडी उभी असताना ती फक्त पंखा देतो. रेडिएटर आतून चोंदला असता किंवा पाण्याचा पंप कमजोर झाला असता, तर जेथे इंजिन सर्वाधिक उष्णता निर्माण करते तेथे, म्हणजे लांब चढावर किंवा भरधाव वेगात, गाडी आधी तापली असती. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर ती सगळीकडेच तापली असती. तुमच्याकडे नेमके उलटे घडते आहे, म्हणून आधी हवेकडे पाहावे.

गाडी मोकळ्या जागी उभी करून थंड इंजिन सुरू करा, बॉनेट उघडा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. ओढणी, केस आणि हात मात्र दूर ठेवा, कारण हा पंखा काहीही सूचना न देता सुरू होतो. तो फिरला नाही, तर एसी बंद करून इंजिन तसेच चालू ठेवा. थर्मोस्टॅट साधारणपणे ८२ ते ९० अंशांना उघडतो आणि पंखा त्यानंतर, १०० अंशांच्या आसपास सुरू होतो. अनेक गाड्यांत काटा मुद्दामच मध्यावर स्थिर राहील असा बसवलेला असतो, तेव्हा तो हलला याचा अर्थ पाणी खरोखरच बरेच तापले आहे.

पंखा मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहावा, मग पंख्याच्या रिलेची (त्याला प्रवाह जोडून देणाऱ्या विजेच्या स्विचची) त्याच पेटीतील तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहावी, आणि शेवटी मेकॅनिककडून मोटरला फ्यूज लावलेल्या वायरने थेट बॅटरीचा प्रवाह देऊन पाहावा. थेट प्रवाहावर ती फिरली तर मोटर चांगली आहे, दोष सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. माझ्या गाडीत पंखा फिरत होता, परंतु मरगळलेला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि मोटरच्या सॉकेटवर जेमतेम ९! सॉकेट उघडले तेव्हा आतले प्लास्टिक भाजून तपकिरी झालेले होते. म्हणून पंखा फिरतो एवढ्यावर समाधान मानू नये.

तुमच्या पत्रातील बंपरच्या कामाचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या कामात पंख्याला किंवा त्याच्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाला हात लागला होता का, हे बिल काढून पाहा. बहुतेक गाड्यांत पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि तो हवा आत ओढतो. गाडी उभी असताना पंखा चालू झाला की पुढच्या जाळीसमोर कागद धरा. कागद जाळीला चिकटला पाहिजे. तो बाहेर ढकलला गेला तर पंखा उलटा फिरतो आहे. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली फटही टॉर्चने पाहून घ्या. समोरून सारे स्वच्छ दिसते, पण त्या फटीत पाला आणि किडे यांचा नमदा बसलेला असू शकतो. तो हलक्या धारेने धुवावा, जोराच्या धारेने नाजूक पाती दुमडतात.

कुलंट नुकतेच बदलले असल्याने आत हवा अडकलेली नाही ना, हेही पाहावे. हीटर लावूनही उभ्या गाडीत थंड हवा येत असेल तर ती शंका बळावते.

दुरुस्ती होईपर्यंत रांगेत काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावा. उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाईल. काटा लाल पट्ट्यात गेलाच तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम असताना कुलंटचे झाकण कदापि उघडू नका: आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते, आणि झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते.

आपला स्नेहांकित

---

दादा, सप्रेम नमस्कार.

काल आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. एसी लावताच पंखा सुरू झाला, परंतु जाळीसमोर धरलेला कागद आत न ओढला जाता माझ्या हातावर येऊन आदळला. बिल काढून पाहिले, तर बंपरबरोबर पंख्याची मोटरही बदललेली होती. मेकॅनिकने सॉकेटमधील दोन वायरींची अदलाबदल केली आणि पंखा सुलट फिरू लागला. आज सकाळी पाऊण तास रांगेत होते, काटा मध्यावरून हलला नाही. रेडिएटर तोच आहे.

मनःपूर्वक आभार.

---

ताई, वाचून फार बरे वाटले. एक काम मात्र राहिले आहे. इंजिन अनेकदा तापलेले असल्याने पुढील काही आठवडे दर रविवारी, थंड असताना, कुलंटची पातळी पाहत जा. गळती नसूनही ती उतरू लागली, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधली, तेल आणि कुलंट वेगळे ठेवणारी पट्टी) तपासून घ्या.