ॲक्च्युएटरला मराठीत काय म्हणायचं? (सेन्सर, संवेदक आणि आपलं 'कळतं पण वळत नाही')

गिरगावची लिहिते :

नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी चार दिवस अडकलेय म्हणून हा धागा काढते. आमची चाळ जाऊन आता टॉवर झालाय आणि कमिटीने पाण्याच्या टाक्यांना नवीन ऑटोमॅटिक सिस्टीम बसवून घेतलीये. वरच्या टाकीच्या झाकणाला आतून एक सेन्सर आहे, तो पाण्यावर आवाज सोडतो (आपल्याला ऐकू येत नाही असला) आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढतो. पाणी एक मीटर खाली असेल तर आवाज जाऊन यायला साधारण सहा मिलिसेकंद. तो आकडा खाली पंपरूममधल्या डब्याला जातो, डबा ठरवतो, मग पंप चालू होतो आणि पाइपावरचा व्हॉल्व्ह आपोआप फिरतो. आणि सेक्रेटरींच्या फोनवर टाकी किती टक्के भरली ते दिसतं.

मी अनुवादाची कामं करते हे बिल्डिंगमधे सगळ्यांना माहीत, त्यामुळे पंपरूमच्या दारावर लावायची मराठी सूचना माझ्याकडे आली. सेन्सरशी काही अडलं नाही, संवेदक हा शब्द आता पुस्तकात पेपरात रुळलाय आणि नुसतं सेन्सर लिहिलं तरी वॉचमनपासून आजीपर्यंत सगळ्यांना कळतं, लिफ्टचं दार हात मधे घातला की परत उघडतं तेव्हा आजीच म्हणते सेन्सर आहे त्याला. पण त्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर जी मोटर बसवलीय, जी प्रत्यक्षात व्हॉल्व्ह फिरवते, तिला माहितीपुस्तकात ॲक्च्युएटर म्हटलंय. हा शब्द बिल्डिंगमधे एकालाही माहीत नाही.

जे पर्याय सापडले त्यातला एकही बसत नाही. प्रवर्तक म्हणावं तर शाळेच्या विज्ञानात इंडक्शनला प्रवर्तन म्हणतात, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आपण सगळ्यांनीच घोकलंय, शिवाय कंपनी काढणारा तोही प्रवर्तकच. चालक म्हणजे एसटीच्या केबिनमधे लिहिलेलं असतं तोच, दुसरा कोणी डोळ्यासमोर येतच नाही. क्रियाकारी हे मला पाठ्यपुस्तकाच्या बाहेर चालेलसं वाटत नाही, तोंडात येत नाही.

मला प्रश्न पडलाय तो असा की जोडीतल्या एकाला शब्द मिळाला आणि दुसऱ्याला का नाही? सेन्सरवर सगळे बोलतात, लेख येतात, स्मार्ट सिटी म्हटलं की सेन्सर सेन्सर चालतं, पण जो प्रत्यक्ष काम करतो त्याचं नाव कोणी घेत नाही. नुसतं कळून काय उपयोग, पुढे काहीतरी हललं पाहिजे ना.

---

परळ वर्कशॉप :

ताई प्रश्न मस्त आहे. आधी एक छोटी गोष्ट, सेन्सर आणि सेन्सॉर यात मराठीत फार घोळ होतो. परवा एका बातमीत "गाडीचा सेन्सॉर बिघडला" असं वाचलं. सेन्सर लॅटिनमधल्या जाणवणे या अर्थाच्या शब्दावरून आला आणि सेन्सॉर हा परीक्षण करणे, मत देणे या अर्थाच्या वेगळ्याच धातूवरून, नात्याने दोघं एकमेकांचे कोणी नाहीत. आणि सिनेमावाल्या मंडळाच्या नावातूनही १९८३ साली सेन्सॉर जाऊन प्रमाणन आलं, तोंडातून मात्र अजून गेलं नाही.

आता मुद्दा. दुसऱ्याला शब्द का नाही, तर त्याला शब्द होता पण तो माणसाचा होता. रेल्वेत रूळ जिथे फुटतात त्याला सांधा म्हणतात आणि तो बदलणारा तो सांधेवाला. आता सांधा बदलायला रुळाशेजारी पॉइंट मशीन असतं, म्हणजे मोटर, म्हणजे तुमचा ॲक्च्युएटरच. सांधेवाल्याचं काम मशीनकडे गेलं पण नाव काही मशीनला मिळालं नाही.

अजून एक सांगतो. पॉइंट मशीनने सांधा बदलला एवढ्यावर सिग्नल मिळत नाही. पात (सांध्यातला सरकणारा रूळ) पूर्ण सरकली, शेजारच्या रुळाला चिकटली, लॉक झाली हे परत केबिनला समजावं लागतं, मगच सिग्नल देता येतो. म्हणजे हलवणारं यंत्र नुसतं हलवून गप्प बसत नाही, हललो असं सांगतं पण. शब्द शोधताना हे लक्षात ठेवा.

---

गिरगावची :

सांधेवाला! दादा हा शब्द मी विसरलेच होते, आणि तुम्ही म्हणताय ते इतकं खरं आहे की आता आजूबाजूला तेच दिसायला लागलंय. पंपवाला, लिफ्टमन, सांधेवाला, सगळे करणारे होते आणि सगळ्यांना नावं होती. उलट टाकी भरली का हे बघायला मात्र वेगळा माणूस नसायचा, गच्चीवरून पाणी पडायला लागलं की कोणीतरी खिडकीतून ओरडायचं "पाणी बंद कराऽऽ". जाणण्याचं काम कोणाच्याच नावावर नव्हतं म्हणून तिथे नवीन शब्द सहज बसला असेल का?

---

भांडुपचा पाणीवाला :

माझे वडील पालिकेच्या पाणी खात्यात होते म्हणून लिहितो. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं पण सगळीकडे एकाच वेळी सुटत नाही, भागाभागाने सुटतं, आणि रस्त्याखालचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळेला उघडायचे बंद करायचे हे काम चावीवाल्यांचं. लांब दांड्याची चावी घेऊन, रस्त्यातलं झाकण उघडून, किती फेरे द्यायचे ते डोक्यात ठेवून. पहाटे तीनला पाणी येणार असेल तर त्याच्या आधी माणूस तिथे हजर. पाऊस असो काही असो.

हे आजही चालू आहे, चावीवाला हा शब्द जिवंत माणसांचा आहे. म्हणून यंत्राला चावीवाला म्हणू नका एवढंच सांगेन, पण चावी हा शब्द घ्या. आमच्या गावाकडे नळालाच चावी म्हणतात. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आहे पण आता त्याच्याइतका आपला कोणता नाही.

---

जोशीसर दादर :

संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त आहे, थोडं लांबतंय तर क्षमा करा.

संवेदक हा शब्द सम् अधिक विद् यातला. विद् म्हणजे जाणणे. वेद त्यातलाच आणि वेदना पण त्यातलीच, दुखणं ही आधी जाणीव आहे. म्हणजे संवेदक हा शब्द उत्तम घडलेला आहे, तो बदलू नये.

आणि गिरगावच्या ताईंनी जी जोडी शोधायला घेतलीय ती आपल्याकडे फार जुनी आहे. सांख्यांनी, म्हणजे सांख्य दर्शन मानणाऱ्यांनी, पाच ज्ञानेंद्रियं सांगितली, डोळे कान नाक जीभ त्वचा, आणि त्याच्या बरोबरीने पाच कर्मेंद्रियं, वाणी हात पाय वगैरे. आणि अकरावं मन, ते उभयात्मक, म्हणजे दोन्हीकडचं, जाणणाऱ्यांशीही जोडलेलं आणि करणाऱ्यांशीही. ताई तुमच्या पंपरूममधला तो डबा म्हणजे मन. आवाज सोडणारा सेन्सर ज्ञानेंद्रिय, व्हॉल्व्ह फिरवणारी मोटर कर्मेंद्रिय. मी वर्गात कधी हे यंत्राच्या उदाहरणाने शिकवलं नाही याचं आज वाईट वाटलं.

शब्द म्हणून कारक सुचवतो. संवेदक आणि कारक, कानाला जोडी बसते.

---

गिरगावची :

सर, हे वाचून अंगावर काटा आला. शाळेत इंद्रियं मोजताना आपण पाच म्हणून थांबतो, पुढची पाच कोणी सांगतच नाही, आणि सेन्सर ॲक्च्युएटरच्या बाबतीतही नेमकं तेच झालंय. पुस्तकात लिहायचं तर कारक मला मान्य आहे. एकच अडचण वाटते, मराठीत कारक एकटा उभा राहत नाही, कोणाच्या तरी शेपटीला लागतो, रोगकारक, हानिकारक, आणि हे दोन्ही वाईटच निघाले! सूचनेत "कारकाला हात लावू नये" लिहिलं तर लोक घाबरतील किंवा व्याकरणाचा तास समजतील.

मला कालपासून वेगळंच डोक्यात घोळतंय. आपण म्हणतो ना, कळतं पण वळत नाही. ही म्हण म्हणजे अख्खी हीच सिस्टीम आहे. कळतं तो सेन्सर, वळतं तो ॲक्च्युएटर, आणि मधली तार तुटली की कळतं पण वळत नाही. आणि क्रियापदं बघा, कळणे वरून कळवणे आणि वळणे वरून वळवणे. सेन्सरला नुसतं कळून भागत नाही, त्याने कळवलं पाहिजे. ॲक्च्युएटरने स्वतः वळायचं नसतं, दुसऱ्याला वळवायचं असतं. आमचा तो व्हॉल्व्ह तर खरोखरच वळतो, पाव फेरा, नव्वद अंश, की उघडा नाहीतर बंद.

मग किसणे वरून किसणी, गाळणे वरून गाळणी, चाळणे वरून चाळणी, तसं वळवणे वरून वळवणी. आपल्या स्वयंपाकघराने अवजारांना नावं द्यायची रीत कधीच घालून दिलीय, ती सोडून आपण उगाच -कारी -यंता लावत बसतो.

आणि कळ हा शब्द पण बघा. पोटात कळ येते ती जाणीव, आणि कळ दाबली की यंत्र चालतं ती कळ वेगळी, कळफलक त्यातलाच, कुडाळजवळच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या त्यातल्याच. दोन्ही मुळात एक आहेत असा माझा दावा नाही, पण बोलताना दोन्ही एकाच आवाजात येतात हे मला फार आवडतं.

---

तुर्भे इन्स्ट्रुमेंट :

तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल प्लांटमधे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून काढली, तर दोन शब्द माझे. आमच्यात सेन्सर न म्हणता ट्रान्समीटर म्हणायचे, म्हणजे ताईंच्या भाषेत कळवणाराच. आणि त्याची कळवायची रीत ऐका, तारेतून चार ते वीस मिलिअँपियर वीज सोडायची. टाकी रिकामी तर चार, टाकी भरली तर वीस. शून्यापासून का नाही तर शून्य आलं तर टाकी रिकामी का तार तुटली हे कळणारच नाही. चार आलं म्हणजे मी जिवंत आहे पण टाकीत काही नाही, शून्य आलं म्हणजे मीच गेलो. विजेच्या आधी हवेवर चालायचं तेव्हा पण तीन ते पंधरा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), तिथेही शून्य नाही. ज्याने कोणी हे काढलं त्याच्या अनुभवाला माझा सलाम.

आणि व्हॉल्व्हच्या ॲक्च्युएटरला आम्ही ॲक्च्युएटरच म्हणायचो, पण आमचे हवेच्या दाबावर चालायचे, म्हणून त्यात आम्ही पहिली गोष्ट विचारायचो ती ही की हवा गेली तर हा काय करणार? आत स्प्रिंग असते, हवा गेली की स्प्रिंग व्हॉल्व्हला ठरलेल्या बाजूला नेते, वाफेचा असेल तर बंद, थंड पाण्याचा असेल तर उघडा. ताई तुमच्या सूचनेत शब्द कुठलाही लिहा पण लाईट गेल्यावर व्हॉल्व्ह कुठे थांबतो आणि हाताने कसा फिरवायचा हे मोठ्या अक्षरात लिहा. मोटरच्या डोक्यावर हाताने फिरवायची सोय बहुतेक असते, चावी जवळ टांगून ठेवा. शब्दावर वाद घालायला वेळ असतो, टाकी वाहायला लागल्यावर नसतो.

वळवणी चांगला आहे. पण प्रत्येक ॲक्च्युएटर वळवत नाही, काही ढकलतात, काही ओढतात. फोन थरथरतो ते पण ॲक्च्युएटरच.

---

मुलुंडकर :

वळवणीला माझा विरोध नाही पण पेरणी, कापणी, मोजणी यात -णी म्हणजे वस्तू नाही, काम. वळवणी ऐकून मला पाणी वळवायचं काम वाटलं, वस्तू नाही वाटली.

आणि स्मार्टचं काय करायचं? हुशार संवेदक, चतुर संवेदक?

---

गिरगावची :

मुलुंडकर, -णी चा मुद्दा बरोबर आहे, पण चाळणी आणि मोजणी दोन्ही एकाच भाषेत सुखाने नांदतात, वाक्यात आल्यावर कोणी गोंधळत नाही. स्मार्टला मी हात लावणार नाही. साधा सेन्सर नुसता आकडा देतो, स्मार्ट सेन्सरच्या आतच छोटी चिप असते, ती आकडा तपासते, उन्हापावसाने पडलेला फरक दुरुस्त करते, स्वतःत बिघाड असेल तर तेही कळवते. एवढं सगळं हुशार या एका शब्दात मावत नाही आणि स्मार्ट हा शब्द फोनमुळे घरोघरी पोचलेला आहे, तो राहू दे.

तुर्भेकाका, ढकलणं ओढणंही वळवण्यातच धरते मी, माणूस वळतो तेव्हा तरी कुठे गोल फिरतो. आणि तुमचं लाईट गेल्यावरचं म्हणणं शंभर टक्के. कालच सुपरवायझरला घेऊन खाली गेले, आमच्या व्हॉल्व्हला स्प्रिंग नाही, लाईट गेली की जिथे असेल तिथेच थांबतो. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही विचारलं नसतं तर पावसाळ्यात समजलं असतं.

तिथेच सूचनेचा कच्चा कागद पंपवाल्या मामांना वाचायला दिला. ते आमच्या जुन्या चाळीपासून आहेत, वीस वर्षं ते स्वतः रोज ती चावी फिरवायचे. वळवणी या शब्दापाशी थांबले, वर मोटरकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे चावीची मोटर ना? मग तसंच लिवा की." आणि मी तसंच लिहिलं. वळवणी मी लेखांमधे वापरणार आहे, सरांचा कारक कुठे पुस्तकात आला तर आनंदच आहे, पण दारावर मामांचाच शब्द. आज संध्याकाळी हे लावलं :

*टाकीतला सेन्सर पाणी किती आहे ते कळवतो. भिंतीवरचा डबा ठरवतो. चावीची मोटर पाण्याची चावी फिरवते.*

*लाईट गेली तर चावी आहे तिथेच थांबते. मोटरवरचं झाकण काढा, खिळ्याला टांगलेला पाना लावा आणि पाव फेरा द्या. दांडी पाइपाला समांतर म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद.*

*मोटर हाताने फिरवली तर मामांना कळवा.*